बधिर अंगठा

"डॉक्टर, टाके जरा लांब पडतायत हो," ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्या शिलाईवाल्या मावशी कुरकुरल्या. काचेनं तुटलेली, त्यांचा अंगठा वाकवणारी स्नायूची दोरी डॉक्टर जोडत होत्या, तीही फक्त हात बधिर करायचं इंजेक्शन देऊन. मावशींना आता शिवता येईल की नाही या धास्तीनं आठ दिवस घरात शिलाई मशीनचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

"आता अंगठा वाकवा."

"बधिर केलाय ना? कसा वाकेल?"

"दुखणं बधिर केलंय मावशी, ताकद नाही. कातडी शिवण्याआधी मला बघायचंय. वाकवा!"

अंगठा थरथरला, मध्येच अडला आणि मग टोकापर्यंत झक्कास वाकला.

"अहो, रडताय काय? दुखतंय?"

"छे! बाहेर सून बसलीय. तिला सांगा, सासू पुन्हा शिवणार आहे म्हणून."