देवाचा तराफा

कुंभकोणमबाहेरचं देवळाचं तळं बुजवून जानकीरामअण्णांनी प्लॉट पाडले, तेव्हापासून तेप्पम, म्हणजे उत्सवात देवाला तळ्यात फिरवायचा तराफा, मंडपात धूळ खात होता. काल इतका पाऊस झाला की पाणी जुन्या जागी परत आलं. तिथे अण्णांची कॉलनी आहे हे त्याला कोणी कळवलं नव्हतं. शेजाऱ्यांनी तोच तराफा काढला, अण्णांना बंगल्यातून उतरवून देवाच्या पाटावर बसवलं. “घट्ट धरा, अण्णा! देवाला तीन फेऱ्या, तुम्हाला एकच,” बांबू रेटत साईकुमार म्हणाला. अण्णाही हसले. पुढच्या गच्चीवर मीनाक्षीबाई अडकल्या होत्या. ते घर अण्णांनीच विकलेलं. डोळे अधू, त्यांना फक्त तराफा दिसला. त्यांनी सवयीनं गालांवर चापट्या मारून घेतल्या, हात जोडले. “किती वर्षांनी आलास रे देवा!” अण्णा पाटावरून उठले, छातीभर पाण्यात उतरले आणि तराफा ढकलू लागले.