वाचणारा चष्मा

मला नुसते अंधुक आकार दिसतात, म्हणून धाकट्या भावानं, प्रभूनं, बोलणारा चष्मा आणून दिला. माया नव्हती ती. शुक्रवार पेठेतल्या वडिलांच्या घरावरचा हक्क अक्कानं स्वतः कागद वाचून सोडला, असं उद्या कोर्टात सांगता यावं, एवढाच हेतू. चष्म्यानं कागद कानात वाचून दाखवला. मी पेन उचललं नाही, तसा प्रभूचा गळा भरून आला. "अक्का, तुला मी वाऱ्यावर सोडीन व्हय?" शेजारून त्याच्या बायकोनंही हुंदका दिला. मी मान वर केली. कागद वाचणारा चष्मा चेहरेही वाचतो, हे त्यानं दुकानात विचारलंच नव्हतं. कानात आलेलं एकटीनं ऐकून भागेना. मी इयरफोन काढला आणि म्हणाले, "मोठ्यानं सांग." चष्मा बोलला, "समोर पुरुष आणि स्त्री. दोघे हसत आहेत." रडणं थांबलं. "थांबलास का, प्रभू? रड की."