दोराची गाठ

"थांबा, वहिनी. ओटी बोअरची भरायची नाही."

बोअरचं पाणी गावाच्या नळांना आलं, म्हणून सरपंचबाई गावातल्या बायकांसोबत खण-नारळाचं ताट घेऊन बोअरची ओटी भरायला निघाल्या होत्या. भूजलतज्ज्ञ शर्वरीने त्यांना वाटेतच अडवलं.

पंप चालू केल्यावर बोअरची पातळी भराभर उतरली आणि मग एकाएकी स्थिरावली होती. खालच्या थरात एवढं पाणी नव्हतंच. शर्वरीने संगणकावर जमिनीचे थर मांडून पाहिले, तेव्हा कुठे हिशेब जुळला. वरच्या थरातलं, विहिरीचं पाणी मधल्या चिकणमातीतून पाझरत बोअरला मिळत होतं. आणि आसपास भरलेली विहीर एकच होती, कोंडाबाईंची. विहिरीवर कधी मोटर बसवू दिली नाही, म्हणून सारं गाव त्यांना चिक्कू म्हणायचं.

शर्वरी साऱ्या बायकांना घेऊन त्या विहिरीवर पोचली तेव्हा कोंडाबाई पाणी शेंदत होत्या. दोर अपुरा पडला म्हणून त्याला दुसरा दोर गाठ मारून जोडलेला होता.

"मावशी, पाणी खोल गेलेलं तुमच्या लक्षात आलं होतं?" शर्वरीने विचारलं.

"बोअर चालू झाली त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही बोअर बंद केली असती. पोरींच्या डोक्यावर पुन्हा हंडे आले असते. माझं काय, दोर लांबवला की भागतं."

सरपंचबाईंनी विहिरीला हळद-कुंकू वाहिलं, काठावर खण-नारळ ठेवला. मग पदर खोचून कोंडाबाईंच्या हातातला दोर आपल्या हातात घेतला.