आतली खुर्ची

दीडशे वर्षं जुन्या त्या वाद्यवृंदात व्हायोलिनवाले जोडीने बसत. दोघांत मिळून स्वरलिपीची एकच वही. पान संपत आलं की आतल्या खुर्चीवरच्याने वाजवणं थांबवून ते उलटायचं, बाहेरच्याने वाजवत राहायचं. ऐकणाऱ्यांना पत्ताही लागता कामा नये.

सव्वीस वर्षं तो बाहेर बसला, बायको आत.

"कुठल्याच पानाची शेवटची ओळ मी जन्मात वाजवली नाही," घरी जाताना ती कुरकुरायची. "काही अडलं का कुणाचं?"

"अडत नाही, म्हणून तर तुला तिथे बसवलंय," तो हसायचा.

ती गेली, त्याच्या पाचव्या दिवशी हंगामातली पहिली मैफल होती. तो तिच्या खुर्चीवर बसला, त्याच्या खुर्चीवर एक नवी मुलगी. पहिलं पान संपत आलं तसा तो थांबला, पान उलटलं, आणि पुन्हा वाजवायचं त्याला सुचलंच नाही. गज तारांच्या वरून नुसता फिरत राहिला, टेकला नाही. पानं मात्र त्याने सगळी वेळेवर उलटली.

टाळ्या संपल्यावर संचालकांनी त्याचा खांदा थोपटला. "धीराचे आहात हो. खरं सांगू? काहीसुद्धा कमी वाटलं नाही."

"नाहीच वाटत," तो म्हणाला.