मागच्या खोलीतली धुरी

"खिडकी लावून घे आधी. मागच्या खोलीतून कसला धूर निघतोय म्हणून शेजारची मेघा विचारत होती," शैलाबाई दारातूनच म्हणाल्या.

प्रेरणा बाजेवरून हललीसुद्धा नाही. खालच्या शेगडीत बाळंतशेपा आणि ओवा तडतडत होता.

"विचारू द्या की!" चतुराबाई म्हणाल्या. प्रेरणानंच त्यांना पडेगावहून बोलावून घेतलं होतं. रोज सकाळी मालिश-शेक करायला त्या यायच्या आणि कुणाच्या सासूला भ्यायच्या नाहीत. निर्गुडीच्या पाल्यानं त्यांनी प्रेरणाची कंबर शेकली, पोट जुन्या लुगड्यानं आवळलं, दुधानं दाटलेल्या छातीला मोगऱ्याची फुलं बांधली. ठणका जरा उतरला.

"गोळ्या दिल्यात ना डॉक्टरांनी?" शैलाबाई म्हणाल्या. "बाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"मग मी जाते त्यांच्या घरी," प्रेरणा म्हणाली. "उठता-बसता जीव जातोय माझा. सव्वा महिना शेक घेणार म्हणजे घेणार."

"आज बारसं आहे. आजचा दिवस तरी गप पड."

एवढं बोलून शैलाबाईंनी शेगडी उचलली आणि मोरीत नेऊन तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. प्रेरणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा दिवस तिनं सगळं मुकाट ऐकलं होतं. डिंकाचे लाडूसुद्धा या घरात तिला मागून घ्यावे लागले होते.

दुपारी बैठकीची खोली पाहुण्यांनी भरली. बाळ न्हाऊन-माखून पाळण्यात निजलं होतं. थोरली जाऊ मृण्मयी नवी पैठणी नेसून पाळण्याची दोरी धरून उभी होती. मागच्या खोलीत चतुराबाईंनी न सांगता दुसरे निखारे फुलवले. प्रेरणानं कानांवरून रुमाल घट्ट बांधला, एक हात कंबरेवर ठेवला आणि चतुराबाईंना म्हणाली, "चला, शेगडी घ्या. मी तिथंच बसणार."

भर बैठकीत तिनं पाट मांडला, शेगडी शेजारी ठेवून घेतली आणि शेपांची मूठ टाकली. धूर पाळण्यापर्यंत गेला. मृण्मयीनं मान खाली घातली. शैलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

खुलताबादच्या रत्नमालामावशी झबलं हातात धरून बघतच राहिल्या.

"अगं प्रेरणा, तू तर सहा महिने पुण्याला होतीस ना, नोकरीला? बाळंतीण मृण्मयी, अन् कान तू का बांधलेस?"

"लेकरू दिलं मी ताईंना, मावशी," प्रेरणा म्हणाली. "बाळंतपण नाय दिलं."