गल्लीचा वाटा

संध्याकाळी सात वाजता नागपूरच्या त्या गल्लीतल्या प्रत्येक मीटरवर तोच प्रश्न उमटला: "गल्लीच्या वाट्याची वीज संपत आली आहे. एका घराला निकड आहे. तुमच्याकडची थोडी सोडाल का?"

घर कोणाचं, हे मीटर सांगत नसे. मागणाऱ्याला संकोच वाटू नये, हा त्यामागचा विचार होता. पण मागच्या आठवड्यात अशी सोडलेली वीज कुणीतरी इस्त्रीसाठी वापरली होती. त्यामुळे आज सगळे कूलर घरघरतच राहिले.

स्वप्नाची चार दिवसांची मुलगी काविळीच्या उपचारासाठी निळ्या दिव्याखाली होती. घरात उरलेल्या विजेवर तो दिवा आणखी दहाच मिनिटं चालणार होता.

"मी बोंद्रेकाकांना सांगून येतो," तिचा नवरा तुषार म्हणाला.

"परवाच त्यांच्या कूलरच्या पाण्यावरून भांडलास ना?"

तरी तो गेला. शेजारच्या बोंद्रेकाकांनी दार उघडलं. "आता काय गळून राहिलं?"

"काका, ती मागणी आमची आहे. बाळाला कावीळ झालीय. दिवा बंद पडेल."

काका आत वळले. त्यांचा कूलर थांबला. मग ते बनियनवरच गल्लीत येऊन ओरडले, "अबे, इस्त्री नाही, तुषारची पोरगी आहे! बंद करा कूलर!"

एकेक कूलर थांबत गेला. दिवा चालू राहिला. घाम पुसत लोक ओट्यांवर येऊन बसले, आणि त्या शांततेत बाळाचं रडणं पहिल्यांदाच साऱ्या गल्लीला ऐकू आलं.

"आवाज त खणखणीत आहे जी," काका म्हणाले. "रडू द्या तिले."