कंपनीचा गवती चहा

परसातल्या गवती चहाची पाती सावलीत वाळवून, पन्नास-पन्नास ग्रॅम काट्यावर तोलून नेत्राने पाकिटं भरली आणि ऑनलाइन विकायला ठेवली. आईशी ठरलं होतं, महिन्याभरात एकही ऑर्डर आली नाही तर काल्हेरच्या गोदामात बिलिंगच्या कामाला जायचं.

एकोणतिसाव्या दिवशी ऑर्डर आली, तीही शेजारच्या हौसाकाकूंची. नेत्रा पाकीट घेऊन धावतच गेली. काकूंनी हातसुद्धा लावला नाही.

"तुमच्या परसातलं गवत मी रोज फुकट नेतेच की गो, ते इकत कशाला घेऊ? मी कंपनीचा मागवलाय, सुनेच्या मोबाइलवरून."

"काकू, ती कंपनी माझीच हाय!"

"चल, थापा मारू नको. कुरिअरनं येल माझा."

नेत्राने तेच पाकीट कुरिअरला दिलं. दापोड्याच्या गोदामातून फिरून ते तिसऱ्या दिवशी शेजारी पोहोचलं आणि संध्याकाळी पाच स्टारही आले.

सकाळी काकू तळहातावर चिमूटभर चहा घेऊन कुंपणाशी हजर.



"वास घेऊन बघ गो. आईला सांग, लावायचा तर असा लावा परसात!"